मधुमेहींचे ताट: वजन आणि रक्तशर्करा यांचे गणित

बेंगळुरू : दोन इडल्या, एक वडा, त्यासोबत खारा भात आणि केसरी भाताची जोडी, म्हणजे आपल्याकडचा तिखट उपमा आणि शिरा, आणि शेवटी साखर घातलेली फिल्टर कॉफी. बेंगळुरूतील कोणत्याही दर्शिनीत उभ्याउभ्या घेतली जाणारी ही न्याहारी चवीला उत्तम आणि खिशाला परवडणारी आहे. आहारशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती तांदूळ, रवा, साखर आणि तेल यांचाच समुच्चय ठरते. इडलीतील उडीद, वडा आणि वाटीभर सांबार वगळले तर प्रथिनांचा भाग थोडका आणि भाज्यांचा त्याहून थोडका. पुण्याच्या पोहे-उपम्याची किंवा कोल्हापूरच्या मिसळ-पावाची स्थिती फारशी वेगळी नाही; मिसळीत निदान मटकी असते. मधुमेह झालेल्या व्यक्तीच्या आहाराचा विचार याच साध्या निरीक्षणापासून सुरू व्हावयास हवा. भारतीय ताटाचा दोष केवळ गोड पदार्थांत नसून धान्याच्या अतिरेकात आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि चेन्नई येथील मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन यांनी देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुमारे 1 लाख 13 हजार प्रौढांच्या तपासणीवर आधारलेल्या या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. राज्यनिहाय प्रमाणात गोवा 26.4 टक्क्यांसह सर्वांत पुढे आहे. याच अभ्यासात पोटाचा लठ्ठपणा 39.5 टक्के, तर सर्वसाधारण लठ्ठपणा 28.6 टक्के प्रौढांत आढळला. या दोन आकड्यांमधील तफावत भारतीय मधुमेह समजून घेण्याची किल्ली आहे: वजनकाटा ज्यांना लठ्ठ म्हणत नाही, अशा कोट्यवधी लोकांच्या पोटावर चरबी साठलेली आहे.

सडपातळ शरीर, लपलेली चरबी

या तफावतीचा शोध घेण्यात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे कार्य जगभर गौरविले गेले आहे. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र शेजारीशेजारी छापले गेले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन दर्शविणारा निर्देशांक, 22.3 इतका सारखाच होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के होते. पुण्याजवळील सहा गावांत 1993 पासून सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासातून असे दिसले की ही ठेवण जन्मापासूनच असते. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे 3.5 किलो, तरीही वजनातील घट मुख्यतः स्नायूंत होती, चरबी बऱ्याच अंशी राखली गेली होती.

म्हणूनच भारतीयांसाठी वजनाचे निकष निराळे आहेत. बीएमआय 23 च्या पुढे गेला की वजन जास्त आणि 25 च्या पुढे गेला की लठ्ठपणा, असे येथील वैद्यकीय तज्ज्ञांनी मानले आहे. पाश्चात्त्य कोष्टकांत हीच मर्यादा अनुक्रमे 25 आणि 30 असते. उदाहरणार्थ, 160 सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन 64 किलोपलीकडे गेले की ती आपल्या निकषाने लठ्ठ ठरते. कंबरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरपेक्षा कमी असावा. हा घेर पँटच्या पट्ट्याच्या जागी मोजावयाचा नसतो. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यानंतर, टेप न आवळता तो मोजावा. घरच्या घरी दरमहा एवढे केले तरी वजनकाट्यापेक्षा अधिक उपयुक्त माहिती हाती लागते.

किती वजन घटवावे?

पोटातील चरबी यकृतात आणि स्वादुपिंडात शिरली की इन्सुलिनचे कार्य दुहेरी बिघडते. यकृत उपाशीपोटीही रक्तात साखर सोडत राहते आणि स्वादुपिंडातील पेशी मागणीनुसार इन्सुलिन निर्माण करू शकत नाहीत. न्यूकॅसल विद्यापीठाचे रॉय टेलर यांनी मांडलेल्या या उपपत्तीची कसोटी 'डायरेक्ट' या नावाच्या ब्रिटिश चाचणीत लागली. निदान होऊन सहा वर्षे उलटली नव्हती आणि इन्सुलिन सुरू झाले नव्हते, अशा रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाकाठी सुमारे 825 ते 853 किलोकॅलरींचा द्रवरूप आहार देण्यात आला. वर्षाअखेर 46 टक्के रुग्णांचा मधुमेह औषधाविना नियंत्रणात होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 4 टक्के होते. ज्यांनी 15 किलो किंवा त्याहून अधिक वजन घटविले, त्यांच्यात ते 86 टक्क्यांवर गेले. दुसऱ्या वर्षाअखेर मात्र एकूण प्रमाण 36 टक्क्यांपर्यंत उतरले, कारण अनेकांचे वजन पुन्हा वाढले. ही दुसरी बाजू जाहिरातींत क्वचितच सांगितली जाते.

औषधे थांबविल्यानंतर किमान तीन महिने एचबीए1सी 6.5 टक्क्यांपेक्षा कमी राहिल्यास त्या अवस्थेला 'उपशम' म्हणावे, असे 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरविले. 'मधुमेह मुळापासून बरा' ही भाषा त्यांनी जाणीवपूर्वक टाळली. उपशम म्हणजे मुक्ती नव्हे. वजन परतले की साखरही परतते.

प्रत्येकाने 15 किलो घटवावेत असा याचा अर्थ नाही. 68 किलोच्या गृहिणीला 15 किलो घटविणे अवघड तर आहेच, शिवाय अनेकदा अनावश्यक आहे. वजनाच्या 5 ते 7 टक्के, म्हणजे तिच्या बाबतीत साडेतीन ते पावणेपाच किलो, घट झाली तरी साखर, रक्तदाब आणि चरबीच्या पातळीत फरक दिसू लागतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात मधुमेहपूर्व अवस्थेतील 531 जणांचा अभ्यास झाला. केवळ सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत 55 टक्के लोकांना मधुमेह झाला, तर आहार आणि चालण्याची शिस्त पाळणाऱ्या गटात 39.3 टक्क्यांना. विशेष म्हणजे हा लाभ वजनात मोठी घट न होताही मिळाला. वजनकाटा हलत नाही म्हणून निराश होऊन पथ्य सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

धान्य कमी, डाळ अधिक

सर्वसाधारण भारतीय आहारातील सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते आणि त्यात पांढरा तांदूळ, मैदा व दळलेला गहू यांचा वाटा मोठा असतो. उपरोक्त राष्ट्रीय पाहणीतील 18 हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून डॉ. आर. एम. अंजना, डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये एक गणित मांडले. मधुमेहाच्या उपशमासाठी कर्बोदके 49 ते 54 टक्के, प्रथिने 19 ते 20 टक्के आणि स्निग्ध पदार्थ 21 ते 26 टक्के असावेत, असे त्यातून निघाले. हा सांख्यिकीय अंदाज आहे, प्रत्यक्ष उपचारांची चाचणी नव्हे. तरीही त्याचे महत्त्व असे की भात-भाकरी संपूर्ण वर्ज्य करण्याची टोकाची भूमिका त्यात नाही. धान्याचा वाटा थोडा घटवावा आणि ती जागा डाळी-कडधान्ये, दूध-दही, अंडी, मासे यांनी भरावी, एवढेच त्याचे सांगणे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 45 टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्यास सांगितले आहे.

प्रथिनांच्या प्रश्नावर बेंगळुरूचे योगदान मोलाचे आहे. येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अनुरा कुरपाड आणि सहकाऱ्यांनी भारतीय प्रौढांना लायसिन या आवश्यक अमिनो आम्लाची गरज प्रत्यक्षात किती आहे, हे प्रयोगांनी तपासले. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांनी 1985 मध्ये ही गरज दर किलो वजनामागे 12 मिलिग्रॅम धरली होती. 2007 च्या अहवालात ती 30 मिलिग्रॅम झाली आणि त्यामागे बेंगळुरूतील प्रयोगांचा मोठा आधार होता. तांदूळ, गहू, ज्वारी यांत लायसिन कमी असते. डाळी आणि दुधात ते भरपूर असते. पातळ वरणाच्या दोन पळ्या भातावर ओतल्या म्हणजे प्रथिनांची सोय झाली, हा आपल्याकडील समज या शोधाने खोटा पाडला. वरण दाट हवे आणि वाटीभर हवे. वजन घटविताना तर प्रथिनांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. ती कमी पडली तर चरबीसोबत स्नायूही झिजतात आणि रक्तातील साखर वापरणारा शरीरातील सर्वांत मोठा अवयवसमूह म्हणजे स्नायूच होय.

नाचणीविषयी थोडे

कर्नाटकात मधुमेह म्हटला की नाचणीची, म्हणजे रागीची, शिफारस ठरलेली. जुन्या म्हैसूर भागातील रागी मुद्दे, अर्थात नाचणीचा उकडलेला उंडा, हे शेतकऱ्याचे अन्न आता शहरी उपाहारगृहांत पथ्याचे अन्न म्हणून मिळू लागले आहे. महाराष्ट्रातही 2023 च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षानंतर नाचणीची बिस्किटे, नाचणीचे लाडू आणि नाचणीचा डोसा यांची रेलचेल झाली. या उत्साहाला थोडी कात्री लावणे आवश्यक आहे.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक कोष्टकांनुसार 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 67 ग्रॅम कर्बोदके, 7 ग्रॅम प्रथिने, 11 ग्रॅम तंतू आणि 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पॉलिशच्या तांदळात कर्बोदके सुमारे 78 ग्रॅम, तर तंतू 3 ग्रॅमहून कमी असतात. ज्वारीत कर्बोदके 68, प्रथिने 10 आणि तंतू 10 ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे तंतू आणि कॅल्शियमसाठी नाचणी उत्तम, पण कर्बोदकांच्या बाबतीत ती तांदळापासून फार दूर नाही आणि प्रथिनांत ज्वारीपेक्षा मागे आहे. हैदराबादच्या इक्रिसॅटने पुढाकार घेतलेल्या 2021 च्या संकलित विश्लेषणात भरडधान्यांचा सरासरी ग्लायसेमिक निर्देशांक सुमारे 53 आढळला आणि ती नियमित खाणाऱ्या मधुमेहींची उपाशीपोटीची साखर सरासरी 12 टक्क्यांनी घटली. परंतु धान्य जितके बारीक दळले आणि पातळ शिजविले, तितके ते लवकर पचते आणि साखर लवकर चढते. नाचणीची गुळमट पातळ पेज आणि ज्वारीची जाडसर भाकरी यांचा परिणाम सारखा नसतो. मोठा उंडा खाऊन नाचणी पथ्याची म्हणून समाधान मानणे ही फसगत आहे. लहान उंडा आणि सोबत वाटीभर हुरुळी सारू, म्हणजे आपल्याकडचे कुळथाचे सार, हा मूळ ग्रामीण मेळ अधिक शहाणपणाचा होता.

कन्नड आणि मराठी स्वयंपाकघरांत अशा उपयुक्त गोष्टींची वाण नाही. कर्नाटकातील कोसंबरी आणि आपली कोशिंबीर ही नावाने आणि नात्याने भावंडेच. त्यातही कोसंबरीत भिजविलेली मूगडाळ असते, म्हणून ती मधुमेहींसाठी सरस ठरते. हिवाळ्यात बेंगळुरूच्या बाजारात येणारे ताजे अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे, प्रथिने आणि तंतू दोन्ही देतात. उत्तर कर्नाटकातील ज्वारीची भाकरी, हिरवी पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी आणि मोड आलेल्या मटकीची उसळ हे ताट तर बेळगावपासून सोलापूरपर्यंत सामाईक आहे. शहरात स्थिरावलेल्या पिढीने ते सोडले.

ताटातील क्रम, प्रमाण आणि वेळ

आहारतज्ज्ञांची सर्वांत सोपी शिफारस अशी: ताटाचा अर्धा भाग भाज्या व कोशिंबीर, पाव भाग डाळ-उसळ, अंडी, मासे किंवा पनीर, आणि उरलेला पाव भाग धान्य. बटाटा, रताळे, साबुदाणा यांची गणना भाजीत न करता धान्यात करावी. वाटीभर, सुमारे 150 ग्रॅम, शिजलेल्या भातात 40 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. त्यावर दोन पोळ्या खाल्ल्या की एका जेवणाचा कोटा ओलांडला जातो. 'आधी पोळी, मग भात' ही मराठी जेवणाची रीत मधुमेहींना याच कारणाने महागात पडते. दोहोंपैकी एकच निवडावे.

खाण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील वाइल कॉर्नेल येथे अकरा रुग्णांवर झालेल्या छोट्या अभ्यासात भाज्या आणि प्रथिने आधी, तर कर्बोदके शेवटी खाल्ल्यास तासाभरानंतरची साखर सुमारे 37 टक्क्यांनी कमी आढळली. पुढे इतर अभ्यासांतही हीच दिशा दिसली. याला खर्च काही नाही. भाताला हात लावण्याआधी कोशिंबीर आणि उसळ संपवावी, इतकेच. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या 2016 च्या अभ्यासात प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालणाऱ्यांची जेवणोत्तर साखर, दिवसातून एकदाच अर्धा तास चालणाऱ्यांपेक्षा 12 टक्क्यांनी कमी होती आणि रात्रीच्या जेवणानंतर हा फरक सर्वाधिक होता. रात्री दहाला घरी पोहोचून जेवणाऱ्या आणि लगेच झोपणाऱ्या बेंगळुरूच्या तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदारांना ही सूचना विशेष लागू पडते.

तेल आणि साखर यांचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. दोन चमचे साखरेची कॉफी दिवसातून चार वेळा घेतली की 40 ग्रॅम साखर पोटात जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेची दैनंदिन मर्यादा 25 ग्रॅम आहे. गूळ आणि मध यांना यातून सूट नाही, रक्तासाठी तेही साखरच. एक मोठा चमचा तेल सुमारे 120 किलोकॅलरी देते, मग ते शेंगदाण्याचे असो वा ऑलिव्हचे. फळे चावून खावीत, रस काढून नव्हे.

उपवास आणि दोन वेळचे जेवण

एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण मधुमेहींच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरते. साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्टमय पदार्थ आहे आणि खिचडीतील बटाटा त्यात भर घालतो. वरीचे तांदूळही धान्यच. उपवास करावयाचाच असेल तर दही किंवा ताक, काकडी, राजगिरा आणि मूठभर शेंगदाणे हा बरा पर्याय होय.

महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचविलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धती बेंगळुरूतील मराठी कुटुंबांतही परिचित आहे. सतत चरण्याची सवय मोडते, साखरेचा चहा सुटतो आणि अनेकांचे वजन घटते, हे तिचे बलस्थान. मात्र ती सर्व मधुमेहींसाठी सुरक्षित आहे का, याबद्दल डॉक्टरांत मतभेद आहेत आणि त्यांचे मूळ औषधांत आहे.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्याने मात्रा न बदलता जेवण वगळले तर साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते. थरथर, घाम, धडधड, गोंधळ आणि वेळीच लक्ष न दिल्यास बेशुद्धी, अशी तिची लक्षणे. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याने कडक उपवास किंवा कर्बोदकविरहित आहार सुरू केला तर रक्तात कीटोन आम्ले साठण्याचा धोका संभवतो. साखरेचा आकडा त्यावेळी फारसा वाढलेला नसल्याने हा धोका ओळखणे कठीण जाते. मूत्रपिंड विकार असलेल्यांनी प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत, गर्भवतींनी वजन घटविण्याचा आहार घेऊ नये, आणि टाइप 1 मधुमेहात कोणत्याही आहारपद्धतीच्या भरवशावर इन्सुलिन थांबविणे प्राणघातक ठरते. आहार बदलण्याआधी औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी, हा नियम म्हणूनच औपचारिक नाही. आहार यशस्वी होऊ लागला की औषधाची मात्रा कमी करावी लागते. ती न केल्यास यशच अपाय करते.

मार्च 2025 मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन घटविणारी इंजेक्शने भारतात दाखल झाली. भूक कमी करून ती परिणाम साधतात. परंतु खाणे कमी झाले की प्रथिनेही कमी पडतात, म्हणून ही औषधे घेणाऱ्यांना वरील ताटाची आणि स्नायूंना ताण देणाऱ्या व्यायामाची गरज उलट वाढते. कृत्रिम गोडव्यांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये वजन नियंत्रणासाठी ते वापरू नयेत, असे सुचविले. मात्र ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ही सूचना लागू नाही, हे बातम्यांत बहुधा राहून गेले.

नवा आहार मानवतो की नाही, हे पाहण्याचे साधन बऱ्याच घरांत असते. नव्या न्याहारीआधी आणि तिच्या पहिल्या घासानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर तपासणी केली, की इडली किती चालते आणि उसळ किती, हे दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबून न राहता कळते. सारख्याच पदार्थाने दोन व्यक्तींची साखर निरनिराळी वाढते. एचबीए1सी दर तीन महिन्यांनी तपासावे; बहुतेक प्रौढांसाठी 7 टक्क्यांखालील पातळी हे उद्दिष्ट असते, वयोवृद्धांसाठी डॉक्टर ते शिथिल करतात. डोळ्यांचा पडदा, पाय आणि मूत्रपिंड यांची तपासणी वर्षातून एकदा आवश्यक आहे. तीस वर्षांपुढील व्यक्तींची मधुमेह आणि रक्तदाब तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. बेंगळुरूत ती वस्त्यांमधील नम्मा क्लिनिकमध्येही उपलब्ध आहे.